हेत्वाभास आणि हेत्वारोप

मराठीत वाद सहसा 'केला' जात नाही, तो 'घातला' जातो. गोंधळ घालतात, धिंगाणा घालतात, हैदोस घालतात, तसाच वादही घालतात. "वाद घालू नकोस" हे वाक्य लहानपणी आईच्या किंवा मास्तरांच्या तोंडून ज्याने ऐकले नाही असा मराठी माणूस विरळाच. आणि ज्या शास्त्रातून हा शब्द आपल्याकडे आला त्या न्यायशास्त्रात 'वाद' हे चर्चेच्या सर्वांत उंच पायरीचे नाव आहे! तेथे वाद करायचा तो गुरूशी, शिष्याशी, बरोबर शिकणाऱ्याशी, ज्याला दुसऱ्याचा मत्सर नाही अशा जिज्ञासूशी. आपण तो भाजीवाल्याशी आणि जावेशी घालतो.

हे एकट्या वादाचे झाले असते तर मी हा लेख लिहावयास बसलो नसतो. पण आमच्या भाषेला जणू काही खोडच आहे. 'हुज्जत' हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ पुरावा, प्रमाण. मराठीत आल्यावर तो बसच्या वाहकाशी सुट्या पैशांवरून घातला जाऊ लागला. 'तक्रार' म्हणजे मुळात पुनरुक्ती. 'सबब' म्हणजे कारण. सरकारी अर्जाच्या शेवटच्या ओळीत तो 'म्हणून' या अर्थाने अजून तग धरून आहे, पण घरात मात्र सबब म्हटली की ती लंगडीच असावयाची. अरबी-फारसीचे एक वेळ सोडून देऊ. संस्कृतातून आलेल्या शब्दांची तरी आपण कोठे पत्रास ठेवली? 'युक्ति' म्हणजे बुद्धीला पटणारी जुळणी. आपली युक्ती कुलूप उघडण्यासाठी किंवा सासूला चुकवण्यासाठी. 'निमित्त' म्हणजे कारण. आपण निमित्त 'पुढे करतो'. 'तर्क' हे विचाराचे काटेकोर साधन. आपण तर्क 'लढवतो', आणि तो फार लढवला की त्याचे 'तर्कट' होते. फार काय, साधे 'कारण' देखील अनेकवचनात गेले की बिघडते. "कारणे सांगू नकोस" याचा अर्थ कोणालाही विचारा.

शब्दांचे अर्थ बदलावयाचेच. 'मृग' म्हणजे एके काळी कोणताही वन्य पशू, आज हरिण. त्याने कोणाचे काही अडले नाही. मी व्युत्पत्तीचा सोटा घेऊन दाराशी बसणाऱ्यांपैकी नव्हे, आणि शब्द घसरला म्हणून समाज घसरला असे अनुमान काढण्याइतका भाबडाही नव्हे. तथापि या सगळ्या शब्दांत एक असा आहे की त्याच्या अर्थबदलाने भाषेच्या विद्यार्थ्याची वाटच चुकते, आणि माझ्या मते आपल्या एकंदर टीकालेखनाचीही चुकली आहे. तो शब्द म्हणजे 'हेतु'.

न्यायशास्त्रात हेतु म्हणजे एखादे म्हणणे ज्यामुळे सिद्ध होते ते कारण. मराठीत हेतू म्हणजे बोलणाऱ्याच्या मनातला उद्देश. पहिला प्रश्न विचारतो: "तू म्हणतोस ते कशावरून?" दुसरा विचारतो: "तू हे म्हणतोस ते कशासाठी?" एक म्हणण्याकडे पाहतो, दुसरा म्हणणाऱ्याकडे. या दोन प्रश्नांमध्ये किती अंतर आहे हे समजण्यासाठी नैयायिकांच्या स्वयंपाकघरात जाऊन यावयास हवे.

स्वयंपाकघर हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. आमच्या नैयायिकांनी शतकानुशतके जे उदाहरण घोटले त्यात खरोखरच स्वयंपाकघर आहे. समोरच्या डोंगरावर धूर दिसतो आहे. तेव्हा कोणी म्हणतो: डोंगरावर अग्नी आहे. ही झाली 'प्रतिज्ञा'. कशावरून? धूर आहे म्हणून. हा 'हेतु'. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे आपले स्वयंपाकघर. हे 'उदाहरण'. तसाच धूर या डोंगरावर आहे. हा 'उपनय'. तस्मात् डोंगरावर अग्नी आहे. हे 'निगमन'. पाच अवयवांचे हे वाक्य गौतमाच्या न्यायसूत्रांत सांगितले आहे आणि त्यानंतरची अनेक शतके त्यावर खल झाला आहे. यातल्या शब्दांचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. प्रतिज्ञा म्हणजे सिद्ध करून दाखवावयाचे विधान. आपली प्रतिज्ञा शाळेच्या प्रार्थनेनंतर हात पुढे करून म्हणावयाची असते, तिला पुरावा लागत नाही. उदाहरण गणिताच्या वहीत जाऊन बसले. ज्या डोंगराविषयी बोलणे चालले आहे त्याला नैयायिक 'पक्ष' म्हणतात. त्यांचा पक्ष हा असा जागचा न हलणारा. आपल्याकडे सकाळी एका पक्षात असलेला मनुष्य संध्याकाळी दुसऱ्यात असतो.

आता आपल्या आजच्या स्वयंपाकघरात गॅसची शेगडी आहे. अग्नी आहे आणि धूर नाही. मग उदाहरण मोडले का? वर्गात हा प्रश्न एखादी चौकस मुलगी दर वर्षी विचारते, आणि मला तो फार आवडतो. उदाहरण मोडत नाही. कारण धूर असेल तेथे अग्नी असतो एवढेच म्हटले आहे, अग्नी असेल तेथे धूर असतो असे कोणी म्हटलेले नाही. हा उलटा रस्ता बंद आहे हे जुन्या पंडितांना पक्के ठाऊक होते. त्यांच्यापुढे गॅस नव्हता, पण लोहाराच्या भट्टीतला लाल झालेला लोखंडी गोळा होता. त्यात अग्नी आहे, धूर नाही. मग अग्नीबरोबर धूर केव्हा येतो? सरपण ओले असेल तेव्हा. या ओल्या सरपणाला त्यांनी 'उपाधि' असे नाव दिले. आपणही नकोशा कटकटीला "नसती उपाधी" म्हणतो; क्वचित एखाद्या शब्दाचा पिंड असा टिकूनही राहतो.

माझ्या दृष्टीने या साऱ्या खटाटोपात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, डोंगरावर अग्नी आहे असे सांगणारा मनुष्य कोण, त्याची त्या डोंगरावर जमीन आहे काय, वणव्याची बातमी पसरवून त्याला काही मिळावयाचे आहे काय, यांतले काहीही कोणी विचारीत नाही. धूर खरोखर आहे का? तो धूरच आहे की धुके? धूर आणि अग्नी यांचा संबंध पक्का आहे का? प्रश्न एवढेच. हेतु दिसावयास हेतूसारखा पण प्रत्यक्षात लटका निघाला, तर त्याला 'हेत्वाभास' म्हणतात, आणि गौतमाने त्याचे पाच प्रकार केले आहेत. त्या पाचांत बोलणाऱ्याच्या स्वभावाचा, जातीचा, पोटापाण्याचा उल्लेख नाही.

मराठीने यालाच जोडून एक नवा शब्द पाडला आहे: 'हेत्वारोप'. हेत्वाभास दाखवणे म्हणजे म्हणण्यातली खोट दाखवणे. हेत्वारोप करणे म्हणजे म्हणणाऱ्याच्या मनातली खोट दाखवणे, किंवा ती तेथे आहे असे ठासून सांगणे. शब्दकोशात हे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. व्यवहारात पहिला परीक्षेपुरता उरला आणि दुसऱ्यावर वृत्तपत्रे चालतात.

यावर कोणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे वाजवी आहे, की माणसाची पारख करू नये की काय? लबाड मनुष्य सांगतो म्हणून ऐकावयाचे? नैयायिक इतके भोळे नव्हते. ज्ञानाच्या साधनांत त्यांनी 'शब्द' हे एक साधन मानले आहे, म्हणजे विश्वासू माणसाचे सांगणे. असा विश्वासू माणूस म्हणजे 'आप्त'. (आपल्याकडे आप्त म्हणजे भाऊबीजेला येणारे, तेही एका अर्थाने ठीकच.) आप्त कोण? वात्स्यायनाने भाष्यात सांगितले आहे ते असे: ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो. आणि पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखेच लागू आहे. हे वाक्य आमच्या पाठ्यपुस्तकांत मोठ्या अक्षरांत का छापत नाहीत, मला कळत नाही. तेव्हा माणसाची पारख करण्याची जागा शास्त्राने ठेवली आहे, पण ती नेमकी आखून. "मी सांगतो म्हणून माना" असे जो म्हणतो त्याला अवश्य तपासा: याला ठाऊक आहे का, हा खरे सांगेल का. पण जो म्हणतो, "मी सांगतो म्हणून नव्हे, तो पाहा धूर", त्याने स्वतःला वादातून बाजूला काढले आहे. त्याच्याकडे पाहू नका, धुराकडे पाहा. आपल्या बहुतेक भांडणांत या दोन जागांची अदलाबदल झालेली असते. साक्षीदाराला आपण आंधळेपणाने मानतो आणि कारण देणाऱ्याचे कपडे तपासतो.

वाद, जल्प आणि वितंडा ही त्रयी बहुतेकांना नावाने तरी ठाऊक असते. वादाविषयी वर सांगितलेच. जल्पात जिंकावयाचे असते. त्यासाठी शब्दच्छल, फसवी उत्तरे, प्रतिपक्षाला कोंडीत पकडणे, सर्व काही चालते. वितंडेत बोलणारा स्वतःचे मत मांडीतच नाही, दुसऱ्याचे मोडतो फक्त. महाविद्यालयांतून होणाऱ्या 'वादविवाद स्पर्धां'ना परीक्षक म्हणून मी वर्षानुवर्षे जात आलो आहे. तेथे विषयाच्या बाजूने बोलावयाचे की विरुद्ध, हे चिठ्ठी काढून ठरते आणि शेवटी करंडक मिळतो. शास्त्राप्रमाणे हा शुद्ध जल्प होय. त्यात वाईट काही नाही. तालमीत कुस्ती खेळणाऱ्यांचे वैर नसते. फक्त त्या स्पर्धेचे नाव चुकले आहे, आणि त्या नावामुळे मुलांना वाटते की वाद म्हणजे हेच.

वितंडेची मात्र आपण फारच बदनामी केली. 'वितंडवाद' म्हणजे नुसती कटकट, असा आपला समज. पण गौतमानेच म्हटले आहे की कोवळ्या रोपाभोवती जशी काटेरी फांद्यांची कुपाटी घालतात, तसे जल्प आणि वितंडा हे तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी आहेत. कुंपणाचे काटे कोणी खात नाही, पण त्यांच्यावाचून शेळी रोप खाऊन जाते. शिवाय केवळ खंडन करणे हे कधी कधी मोठ्या प्रामाणिकपणाचे काम असते. बाराव्या शतकात नैषधकार श्रीहर्षाने याच मार्गाने नैयायिकांच्या व्याख्या एकामागून एक मोडून दाखवल्या आणि आपल्या ग्रंथाला नाव दिले 'खंडनखंडखाद्य'. खंडखाद्य म्हणजे खडीसाखरेचा एक गोड पदार्थ. खंडनाचा फराळ! दिवाळीच्या दिवसांत हे नाव आठवले म्हणजे मला त्या पंडिताच्या विनोदबुद्धीचे कौतुक वाटते. ग्रंथ मात्र चकलीहून कडक आहे.

छलाविषयी थोडक्यात सांगतो. 'नव' म्हणजे नवा आणि नव म्हणजे नऊ. कोणी म्हणाले, "हा मुलगा नवकंबल आहे", म्हणजे याची घोंगडी नवी आहे, त्यावर दुसरा म्हणतो, "छे! याच्याजवळ नऊ घोंगड्या कोठे आहेत? एकच तर आहे." हा वाक्छल. "मचाण ओरडते आहे" म्हटल्यावर "लाकूड कसे ओरडेल? वर बसलेली माणसे ओरडत आहेत" असे म्हणणे हा उपचारछल. आपल्याकडे "सगळे गाव जेवले" म्हटल्यावर "वेशीचा दरवाजाही जेवला का?" असे विचारणारे काका प्रत्येक पंगतीत असतात. याच छलाचा मराठीत 'छळ' झाला. मला वाटते या एका बाबतीत मराठीने मूळ अर्थ सोडला नाही, तो अनुभवाने पुरा केला.

पण हे झाले गमतीचे. हेत्वाभास सोडून हेत्वारोपाच्या मागे लागले म्हणजे काय गमवावे लागते, याचे आपल्याच इतिहासातले एक उदाहरण मला वारंवार आठवते. ते १८९१ सालच्या संमतिवयाच्या कायद्याचे.

१८६० च्या दंडसंहितेप्रमाणे पत्नीच्या बाबतीत संमतिवयाची मर्यादा दहा वर्षे होती. १८९० मध्ये कलकत्त्यास फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी मरण पावली. ती मर्यादा बारा वर्षांवर न्यावी असे विधेयक आले. महाराष्ट्रात या विधेयकावरून जे रण माजले त्यात दोन्ही बाजूंना उभे असलेले दोन पुरुष एकेकाळचे जिवलग मित्र होते. टिळक आणि आगरकर यांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूलच्या उभारणीत खांद्याला खांदा लावून काम केले होते, १८८१ पासून 'केसरी'त एकत्र राहिले होते, १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र काढले होते. आगरकर १८८७ मध्ये 'केसरी' सोडून गेले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढले. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले.

आता न्यायाच्या पाच अवयवांत बसवून त्यांचे म्हणणे पाहा. बालविवाह चांगला की वाईट, यावर त्यांचे भांडण होते असा अनेकांचा समज आहे. तसे ते नव्हते. मुलीचे लग्न सोळा वर्षांच्या आत करणार नाही असे सुधारकांनी आधी स्वतःला बांधून घ्यावे, अशी सूचना टिळकांनीच १८९० मध्ये मांडली होती. त्यांची प्रतिज्ञा अशी की परकीय सरकारने हा कायदा करू नये. हेतु असा की सुधारणा समाजाने आपण होऊन करावयाची असते, सत्ता नसलेल्या लोकांनी घरातला निवाडा परक्याच्या हाती दिला तर तो हात पुढे कोठेही पोहोचेल. आगरकरांच्या बाजूची प्रतिज्ञा अशी की कायदा व्हावा. हेतु असा की जिला स्वतःचे रक्षण करता येत नाही तिचे रक्षण करणे हे कोणत्याही राज्याचे काम आहे, आणि समाज आपण होऊन ते करीपर्यंत ती थांबू शकत नाही. दोन्ही हेतु खरे हेतु आहेत. दोहोंना तपासता येते. टिळकपक्षाला विचारता येते की दहा वर्षांची मर्यादा परक्यानेच घातली असताना बारावर आक्षेप का? आगरकरपक्षाला विचारता येते की ज्या घरात पोलीस शिरू शकत नाही तेथे हा कायदा चालवणार कोण? शास्त्रार्थाची बाजूही होती. रा. गो. भांडारकरांनी १८९१ मध्ये धर्मशास्त्रातील विवाहवयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि टिळकांनी त्यांच्या वचनार्थांवर आक्षेप घेतले. हे वादाच्या नावाला शोभणारे काम होते.

पण रस्त्यावर काय चालले होते? तेथे आगरकर धर्मबुडवे होते, सुधारक सरकारचे हस्तक होते. उलट बाजूला टिळक लोकांच्या टाळ्यांसाठी जुन्या मताची पाठराखण करणारे होते. आगरकरांची तर पुण्याच्या लोकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. एखाद्या माणसाला असे मारून टाकले म्हणजे त्याच्या हेतूला उत्तर देण्याची जरुरी राहत नाही. कायदा १८९१ मध्ये झाला. १८९५ मध्ये आगरकर खरोखरच वारले, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी. त्यानंतरची कित्येक दशके "आधी राजकीय की आधी सामाजिक" हा प्रश्न आपण कोण कोणाचा मत्सर करीत होता या अंगाने चघळला. ते पोलिसाचे आणि घराच्या उंबरठ्याचे प्रश्न होते तेथेच राहिले. फुलमणीसारख्या मुलीला त्यांचे उत्तर हवे होते. टिळकांचे मन कसे होते, आगरकरांचे कसे होते, हे तिच्या काय कामाचे?

साहित्याच्या क्षेत्रात जीवावर बेतत नाही, म्हणून आपण तेथे अधिकच मोकळे सुटतो. एखाद्या कादंबरीचे परीक्षण वाचावयास घ्यावे तर पहिल्या परिच्छेदातच लेखकाला बक्षिसाची हाव आहे, तो अमक्या गटाचा आहे, हे समजते. कादंबरीची रचना कोठे फसली ते शेवटपर्यंत समजत नाही. परीक्षणाचे उत्तर येते तेही परीक्षकाच्या हेतूविषयी. ज्ञानेश्वरांनी १२९० च्या सुमारास ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचे जे वाङ्मयरूप उभे केले आहे त्यात तर्क हा हातातला परशू आहे, पण दात मात्र संवादाचा आहे, आणि समता हा त्या दाताचा शुभ्र वर्ण आहे. आमच्या परीक्षणांतून परशू तेवढा हलताना दिसतो. हल्ली हे काम हातातल्या फोनवर आणि रात्रीच्या दूरचित्रवाणीच्या चर्चांत अधिक वेगाने होते एवढेच. तेथे निवेदक पाहुण्याला "तुमचा हेतू काय?" असे विचारतो तेव्हा तो गौतमाचा प्रश्न विचारीत नसतो, हे सांगावयास नको.

माझ्या वर्गात मी एक साधा व्यायाम करून घेतो. मुलांना कोणताही एक जुना वा नवा अग्रलेख द्यावयाचा आणि पेन्सिलीने समासात अक्षरे लिहावयास सांगावयाची. प्रतिज्ञा असेल तेथे 'प्र', हेतु असेल तेथे 'हे', उदाहरण असेल तेथे 'उ'. जेथे बोलणाऱ्याच्या मनाविषयी मजकूर असेल तेथे फक्त एक शून्य. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने फार नावाजलेला, भाषेने लखलखणारा एक लेख निवडला होता. तिची वही परत तपासावयास घेतली तेव्हा समासात वरपासून खालपर्यंत शून्ये होती, आणि दुसऱ्या पानाच्या मध्यावर, एका लहानशा वाक्यासमोर, प्रश्नचिन्हासह एकच 'हे'. मी ते प्रश्नचिन्ह खोडले आणि तिला पूर्ण गुण दिले.